सातवं पाकीट

१

मयुरीला जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि कारंजा घाडगेत निकाल केव्हाच लागून गेला होता. सासूनं जहर दिलं. कोणी पाहिलं नव्हतं, डॉक्टर तसं म्हणाला नव्हता, पण हायवेवरच्या टपरीवर दोन चहात एकदा ठरलं म्हणजे ठरलं! लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं?

हवालदार वासुदेवराव हीच कथा घेऊन वर्ध्याला आले. एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या रक्तपेढीत त्यांनी टोपी काढली आणि गोपिकाबाईंसमोर बसले. गोपिकाबाई तिथल्या सोशल वर्कर. वय बावन्न, माहेर सेलूचं, बावीस वर्षांची नोकरी आणि खवचट जीभ. दात्यांना समजावणं, रक्तात काही निघालं तर बोलावून सांगणं, हे त्यांचं काम.

"बाई, राग नका मानू. पोरीले मरायच्या आधी तुमच्या इथल्या दोन बाटल्या देल्ल्या होत्या. त्याच्यात तं काही गडबड नव्हती?"

"गडबडी तुमच्या ठाण्यात होतात, हवालदार."

तरी त्यांनी रजिस्टर काढलं. मयुरी अंकित, वय तेवीस, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, अंगात रक्त नावाला. गट बी निगेटिव्ह, शंभरात एखाद्याचा. नवऱ्यानं अख्खं वर्धा पालथं घातलं तेव्हा दाते मिळाले. बाटल्या बरोबर होत्या. पोरगीच हातची गेलेली होती.

"मंग जहरच," वासुदेवराव म्हणाले. "पोटातल्या तपासणीत काही निघालं नाई, पण निघत नाई असंही जहर असते म्हणतात. तिच्या बापानं, तळेगावच्या नत्थूनं, तक्रार देल्ली. सासूले उद्या-परवा उचलाव लागन. अन् बाप म्हणते त्यात दम आहे, बाई. पोरगी सासरी गेली का सुकते. माहेरी महिनाभर राह्यली का फुलते. परत सासरी, परत काडी. तीन वर्षं हेच. सांगा, जहर नाई तं काय?"

गोपिकाबाईंचा हात रजिस्टरवरच थांबला.

ही कथा त्यांनी आधी ऐकली होती. एकदा नाही, सहा वेळा, सहा वेगळ्या तोंडांतून.

"हवालदार," त्या म्हणाल्या, "माहेरी ती काय खात होती? अन् सासरी काय?"

वासुदेवराव हसले. "गरिबाच्या घरी काय असते? भाकर. अन् सासरी पोळ्या. चक्कीवाल्याचं घर हाये थे!"

गोपिकाबाई हसल्या नाहीत. "उद्या मी कारंज्याले येतो. तोवर त्या बाईले हात नका लावू."

२

तीन वर्षांपूर्वी, दोन हजार सहा साली, दवाखान्यातल्या डॉक्टर रीता मॅडमनी एक अभ्यास केला होता. रक्तदाते म्हणजे धडधाकट माणसं; त्यांच्यातही गव्हाचा आजार लपून बसलेला असतो का, ते पाहायचं. सिलिॲक म्हणतात त्याला. अशा माणसाच्या पोटात गहू गेला की आतडं आतून झडत जातं, खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त आटत जातं. औषध एकच, गहू बंद. हजार दात्यांत सात जण निघाले. सहा जण आले, त्यांनी गहू सोडला, आणि आता दर दिवाळीला फोन करतात. भाकरीवर असलो की बरं वाटतं, पोळी खाल्ली की पोट बिघडतं, हे प्रत्येकानं सांगितलं होतं. प्रत्येकाला घरच्यांनी नाटकी म्हटलं होतं.

कारंज्याला चक्की उघडी होती, पण पट्टा थांबलेला. समोरून बाया डोक्यावर दळणाचे डबे घेऊन जात होत्या, पार दुसऱ्या टोकाच्या चक्कीवर. जहर देणारीच्या घरचं पीठ कोण नेणार?

आत कौशल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा मोतीलाल जाऊन दहा वर्षं झालेली. चक्की आणि पोरगा या बाईनं एकटीनं सांभाळला. मुलगा अंकित दारातच आडवा आला.

"आता तुमीही आल्या काय तमाशा पाहाले?"

"तमाशा पाहाचा असता तं टपरीवर बसली असती," गोपिकाबाई म्हणाल्या. "सरक. मले तुझ्या मायशी बोलाचं आहे."

कौशल्याबाईंनी मान वर केली. रडून रडून डोळे कोरडे झाले होते. "विचारा. सगळ्या गावानं विचारलं, तुमीही विचारा."

"तिले काय खाऊ घालत होत्या?"

"काय नाई घातलं? सकाळी साजूक तुपातला शिरा. गहू भिजवून, वाटून, सत्त्व काढून देत जावो मी सोता. पयलं पोट पडलं तवा दलिया सुरू केला. दुसरं पडलं तवा शिराही दोन टाइम केला. जेवढं घालू तेवढी वाळत गेली, बाई! लोक म्हणे सासू उपाशी ठेवते, म्हून मी तिले समोर बसवून खाऊ घालू लागली. पोळी टाकली तं रागवत होती मी."

"भाकर?"

"आमच्या घरी भाकर नाई होत." त्या अवस्थेतही बाईचा आवाज थोडा ताठ झाला. "मोतीलालच्या बापानं चक्की टाकली तवापासून नाई."

आणि मग त्यांनी गोपिकाबाईंचं मनगट धरलं. "तुमी दवाखान्यातल्या आहा. तुमाले समजत असन. खरं सांगजा. माह्या हातानं मेली का थे?"

गोपिकाबाईंना उत्तर येत होतं. हो, तुमच्याच हातानं. जीव लावून, तुपात भाजून, रोज थोडं थोडं. पण असं कोणाला सांगतात? त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि अंकितकडे वळल्या.

"लग्नाआधी कशी होती?"

"चांगली होती जी," अंकितचा राग ओसरला. "वर्ध्याले होस्टेलात शिकत होती. मेसच्या पोळ्या सोसत नाईत म्हणे, पण तगडी होती. कॉलेजात रक्त देलं होतं तिनं! सर्टिफिकेट दाखवे मले."

"कोणत्या साली?"

"लग्न झालं त्याच साली. सहा साली."

गोपिकाबाईंनी मनात यादी चाळली. सहा सालच्या सात नावांत मयुरी नव्हती. सातही नावं त्यांना पाठ होती.

"सर्टिफिकेट दाखव."

अंकितनं पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद आणला. सही रीता मॅडमची, शिक्का रक्तपेढीचा, गट बी निगेटिव्ह. आणि नाव, कुमारी जया नत्थूजी, राहणार तळेगाव श्यामजी पंत.

"हे जया कोण?"

"थेच. लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहितात ना, तवा मयुरी ठेवलं आम्ही. जया आमच्या मोठ्या आत्याचं नाव हाये, सुनेले त्या नावानं कसं हाक मारणार?"

गोपिकाबाई तिथेच दळणाच्या पिंपावर बसल्या. जया नत्थूजी म्हणजे क्रमांक एकशे बारा. सातवी. जी कधी आलीच नाही.

३

"पण पत्र पोचलं होतं!" रीता मॅडम म्हणाल्या आणि फाइल टेबलावर आपटली. "ही पोचपावती. चोवीस एप्रिल दोन हजार सहा. सही पाहा, जया. मिळालं, सही केली आणि आली नाही. आपण काय करणार?"

सहा जणांना गोपिकाबाईंनी फोन केले होते. सातवीच्या घरी फोन नव्हता, म्हणून रजिस्टर पत्र. पावती परत आली, त्यांनी फाइलला लावली, आणि पुढच्या कामाला लागल्या. दाता येत नसेल तर एकदा घरी जाऊन यावं, असा नियम होता. तळेगाव लांब पडतं म्हणून त्या गेल्या नव्हत्या. हे मात्र त्या मॅडमजवळ बोलल्या नाहीत.

"इतकं सोपं पत्र लिहिलं होतं मी," मॅडम चिडून बोलत होत्या. "भिऊ नका, हा लागट रोग नाही, फक्त गहू बंद करा. त्या छापखान्यानं लग्नपत्रिकांच्या घाईत मे उजाडवला, पण पत्र कसं सुबक छापून दिलं! पाचवीतलं पोरही समजलं असतं. तरी आली नाही."

गोपिकाबाईंना काहीतरी खुपलं. काय ते कळेना. डोळे पावतीवर होते. सही ऐटबाज, 'ज'ची शेपटी विळ्यासारखी वळलेली. मग त्यांनी सर्टिफिकेटसाठी जयानं भरलेला जुना फॉर्म काढला. त्यावरची सही बारीक, सरळ, शाळकरी. शेपटी नाहीच.

दोन हात, दोन माणसं. जयाच्या नावाचं पत्र दुसऱ्याच कोणीतरी घेतलं होतं.

४

तळेगावला नत्थू सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होता. उद्याचा बाजार. पोरगी मेली म्हणून सांबार वाढायचा थांबत नाही. बायको रुख्माबाई पलीकडे वांगी तोडत होती.

"पुलिसवाल्याले सगळं सांगतलं म्या," नत्थू मान वर न करता बोलला. "त्या बाईले फाशी होऊ द्या."

"होईन. फक्त एक सांगा, नत्थूभाऊ. सहा साली, लग्नाच्या पंधरा दिवस आधी, जयाच्या नावानं एक पत्र आलतं. ते कोणी घेतलं?"

सुतळी त्याच्या बोटात अडकली. "कोणतं पत्र? काही पत्रबित्र नाई आलं."

"तारीख चोवीस एप्रिल."

"तवा तं थे इथं नव्हतीच," रुख्माबाई वांग्याच्या वाफ्यातून बोलली. "वर्ध्याले पेपर देऊन राह्यली होती. पंचवीसले आली, पेपर संपवून. मले याद आहे, सव्वीसले हळद कुटली आम्ही."

"तू चूप बस!" नत्थू ओरडला, आणि त्या ओरडण्यातच अर्धं उत्तर होतं.

गोपिकाबाईंनी तक्रारीची नक्कल पाहिलेली होती. खाली नत्थूचा अंगठा. रुख्माबाईचाही अंगठाच. घरात लिहिणारी एकच होती, आणि त्या दिवशी ती वर्ध्याला पेपर लिहीत होती. मग सही करणारा बाहेरचा, आणि रजिस्टर पत्रावर सही करायला सगळ्यात जवळ कोण असतो? ते घेऊन येतो तो!

गावचा पोस्टमन तानबा ओट्यावर टपाल लावत बसला होता. गोपिकाबाईंनी पोस्टकार्ड मागितलं. "तानबाजी, चष्मा विसरली मी. तेवढा पत्ता लिहून द्या. रक्तपेढी, जिल्हा वर्धा."

तानबानं लिहिलं. 'जिल्हा'च्या 'ज'ची शेपटी विळ्यासारखी वळली.

गोपिकाबाईंनी शेजारी पोचपावती ठेवली. तानबानं एकदा ही पाहिली, एकदा ती पाहिली, आणि पेन खाली ठेवलं.

"नोकरी जाईन माही, बाई."

"पोरगी गेली, तानबाजी."

त्यानं टपाल बाजूला सारलं. मग बोलू लागला तेव्हा थांबेना. "गावात असंच चालते जी. ज्याले लिहिता येत नाई त्याची सही मीच करतो, त्याचं पत्र मीच वाचतो. अर्ध्या गावाचं सुखदुःख माह्याच तोंडून गेलं. त्या दिवशी नत्थूभाऊच्या हाती पाकीट देतानाच म्या वळखलं. तसंच पाकीट वर्षभर आधी कवडूच्या घरी आलतं."

"कवडू कोण?"

"ट्रकवर होता. एड्स झालता त्याले. त्याचं पत्रही मीच वाचलं, अन् गावात बातमी फुटली. कवडू मेला, अन् त्याच्या बायकोले लोकाइनं विहिरीवर पाय ठेवू देला नाई. नत्थूनं मले पाय धरून सांगतलं, तानबा, माह्या पोरीचं लग्न आहे. आता तरी तोंड बंद ठेवजो. ठेवलं म्या. एकदा उघडून पाप केलं, म्हून दुसऱ्यांदा बंद ठेवलं."

"पण एड्स कुठून आला याच्यात?" गोपिकाबाईंचा आवाज चढला. "आमच्या पत्रात तं गव्हाचं लिहिलं होतं!"

तानबानं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "गहू? त्या पत्रात गव्हाचा दाणा नव्हता, बाई."

५

नत्थू त्यांच्या मागोमाग आला होता. त्यानं बंडीच्या खिशातून घडी घातलेलं पाकीट काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"जाळणार होतो," तो म्हणाला. "पन तिच्या नावाचा कागद. कसा जाळू? बियाण्याच्या डब्यात ठेवला."

पाकिटावर लाल शिक्का होता. गोपनीय. आत छापील मजकूर, चार ओळींचा. आपल्या रक्ताच्या तपासणीत दोष आढळला आहे. कारण पत्रातून कळवता येत नाही. कोणाशीही चर्चा न करता एकट्यानेच समक्ष भेटावे. खाली शाईनं भरलेलं नाव, कु. जया. आणि सही.

ती सही गोपिकाबाई कुठेही ओळखू शकल्या असत्या. बावीस वर्षं त्या तीच करत होत्या.

आणि मॅडमच्या टेबलाशी खुपलं होतं ते लख्ख समोर आलं. मॅडमचं पत्र छापून आलं मेमध्ये. पाकीट पोचलं एप्रिलमध्ये. नवी पत्रं यायला उशीर, म्हणून त्यांनी कपाटातल्या जुन्या गठ्ठ्यातलं एक ओढलं, एड्सच्या दात्यांना बोलवायचं होतं ते, नाव भरलं, सवयीनं शिक्का मारला, आणि पाठवून दिलं. मजकूर तर ठीकच आहे, येऊन भेटा एवढंच सांगायचंय, असं तेव्हा वाटलं होतं. पाच मिनिटांचं काम! त्या दिवशी त्यांनी आणखी काय काय केलं ते त्यांना आठवेना, हे पाकीटही आठवलं नसतं.

"तिले सांगतलं होतं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कसं सांगू? बापानं पोरीले असं इचारावं का?" नत्थू म्हणाला. "लग्न मोडलं असतं. कवडूच्या बायकोसारखं झालं असतं. म्हटलं, देवाले काळजी. मंग सासरी वाळाले लागली. मले वाटलं, आला रोग वर. पन माहेरी आणली का पंधरा दिवसात गाल भरत. मंग म्या म्हटलं, रोग असता तं इथं बरी कशी झाली असती? म्हंजे पत्र खोटं. अन् पत्र खोटं तं मंग तिथं कोणी तरी काही तरी खाऊ घालत असन! चुकलं काय माहं?"

काही चुकलं नव्हतं. अंगठेबहाद्दर माणसानं जे ताडलं ते शहरातल्या तीन डॉक्टरांना ताडता आलं नव्हतं. ते लोहाच्या गोळ्या देत राहिले. तिथं काहीतरी खाऊ घालत होते, हे खरंच होतं.

गोपिकाबाईंनी त्याला गव्हाचं सगळं सांगितलं. नत्थूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे निस्ती भाकर देली असती तं?"

"जगली असती."

तो खाली बसला आणि सांबाराची जुडी बांधतात तशी हातानं हवेतच गाठ मारत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "तक्रार मागं घ्याले अंगठा कुठं लावा लागन?"

६

वासुदेवरावांनी केस बंद केली. दोन ओळींचा शेरा, नैसर्गिक मृत्यू. रीता मॅडम म्हणाल्या, "झालं ते झालं, गोपिकाबाई. आपण ते जुने फॉर्म नष्ट करू, आणि हे आपल्यातच ठेवू." म्हणजे पुन्हा एक गोपनीय! गोपिकाबाईंनी पाकीट पर्समध्ये घातलं आणि कारंज्याची एसटी पकडली.

कौशल्याबाई त्याच भिंतीला टेकलेल्या होत्या. आता अटक होणार नाही हे त्यांना कळलं होतं. त्याचं त्यांना सुख ना दुःख.

"मी इचारलं त्याचं उत्तर द्या," त्या म्हणाल्या. "गाव काय म्हणते थे सोडा."

गोपिकाबाईंनी पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. गहू, आतडं, सात दाते, छापखाना, शिक्का, तानबा. स्वतःचं नाव त्यांनी कुठेही गाळलं नाही. "तुमाले माहीत नव्हतं, कौशल्याबाई. मले माहीत होतं. तुमच्या हातानं नाही मेली. माह्या हातानं मेली."

त्यांना वाटलं होतं, बाई शिव्या देईल, अंगावर येईल. यावंच, असंही वाटलं होतं. तेवढ्यानं तरी जरा हलकं झालं असतं.

कौशल्याबाईंनी पाकिटाला हातसुद्धा लावला नाही. त्या चुलीकडे बघत होत्या.

"भाकर चालत होती म्हणता?"

"हो."

"निस्ती भाकर?"

"हो. ज्वारीची."

"तिनं मांगतली होती," कौशल्याबाई म्हणाल्या. "लग्नाच्या पयल्याच वर्षी. आई, मले पोळी सोसत नाई, माह्यापुरती एक भाकर टाकू का? असं इचारलं होतं तिनं. इथंच उभी होती. मी म्हटलं, चक्कीवाल्याची सून भाकर खाते म्हटल्यावर लोक हासतीन. पुन्यांदा नाई मांगतली पोरीनं."

अंकित दारात उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेला.

गोपिकाबाई उठल्या. पाकीट तिथंच राहू द्यावं की उचलावं, ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते उचललं. समोरच्या रस्त्यानं एक बाई दळणाचा डबा घेऊन दुसऱ्या चक्कीकडे चालली होती, आणि मागून कौशल्याबाई कोठीत ज्वारी शोधत एकेक डबा उघडत असल्याचा आवाज येत होता. त्या घरात ज्वारी नव्हती.